बीबीसीच्या बातम्यांवर आता किती विसंबावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३० वर्षांपासून आपण बीबीसी ऐकत आणि वाचत आलो, नोव्हेंबर २०२५ मध्ये तिचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी एकाच दिवशी राजीनामे दिल्यावर मनातली जुनी शंका बळावली, तर ही संस्था खरोखरच पक्षपाती होत चालली आहे का, आणि तिच्या बातमीवर पूर्वीइतके विसंबता येते का? पत्रकारितेचे शिक्षण घेणाऱ्या पुतणीला काय सांगावे, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. मी बीबीसीत कधी नोकरी केलेली नाही. मराठी दैनिकांच्या डेस्कवर २७ वर्षे काढली, त्यांतली बरीचशी परदेशी बातम्यांवर आणि रात्रपाळीत, आणि या काळात बीबीसीची बातमी घ्यायची की थांबवायची हा निर्णय किती वेळा घ्यावा लागला याची मोजदाद नाही. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की बीबीसी पूर्वीपेक्षा अधिक पक्षपाती झाली आहे हे सिद्ध करणे फार अवघड आहे, परंतु तिचे काही भाग पूर्वीपेक्षा कमी भरवशाचे झाले आहेत हे मात्र खरे आहे. आणि त्याचे मूळ विचारसरणीपेक्षा बातमी तयार करण्याच्या बदललेल्या पद्धतीत आणि चूक कबूल करण्यातल्या दिरंगाईत अधिक आहे.

ज्या चुकीवरून राजीनामे झाले ती आधी नीट पाहू, कारण तिच्याविषयी तावातावाने बोलणाऱ्या अनेकांनी ती नेमकी काय होती हे पाहिलेले दिसत नाही. 'पॅनोरमा' या बीबीसीच्या जुन्या कार्यक्रमात ऑक्टोबर २०२४ मध्ये, अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीला आठवडा उरला असताना, डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरचा एक माहितीपट दाखवण्यात आला. तो बाहेरच्या निर्मितीसंस्थेने बीबीसीसाठी केला होता. ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या, म्हणजे त्यांच्या समर्थकांनी कॅपिटॉल या अमेरिकी संसदभवनावर हल्ला केला त्या दिवसाच्या, भाषणातील तुकडे त्यात असे जोडले होते की, आपण कॅपिटॉलकडे चालत जाणार आहोत, मी तुमच्यासोबत असेन आणि आपण जिवाच्या आकांताने लढू, असे ते एका दमात म्हणाल्यासारखे ऐकू येत होते. प्रत्यक्षात चालत जाण्याचे वाक्य आणि लढण्याचे वाक्य यांत ५० मिनिटांहून अधिक अंतर होते, आणि चालत जाण्याच्या उल्लेखाला लागूनच आपल्या बाजूच्या खासदारांना प्रोत्साहन देण्याची भाषा होती, जी गाळली गेली. सगळे शब्द ट्रम्प यांचेच होते. बनावट होता तो सांधा. छापील मजकुरात मधला भाग गाळला आहे हे सांगायला तीन टिंबे पुरतात, आणि चित्रफितीत एक पांढरा झपका किंवा निवेदकाचे एखादे वाक्य पुरते. ते तिथे नव्हते.

ही चूक कशी होते हे मला फार जवळून माहीत आहे, म्हणून स्वतःचाच एक प्रसंग सांगतो. नव्वदच्या दशकात मी ज्या दैनिकात होतो, तिथे एका जाहीर सभेची बातमी माझ्या हातून गेली. बातमीदाराने नेत्याची दोन वाक्ये एकाच अवतरणचिन्हात घातली होती, आणि ती शेजारी शेजारी वाचली की नेता थेट धमकी देत आहे असे वाटत होते. दुसऱ्या दिवशी त्या नेत्याच्या कार्यालयातून सभेची कॅसेट आली. मी आणि बातमीदार ती ऐकत बसलो. पहिले वाक्य सापडले, मग बराच वेळ पाणी, रस्ते, कारखाना असे चालले होते, शेवटी कॅसेटची बाजू पालटावी लागली आणि तिथे कुठेतरी दुसरे वाक्य मिळाले. बातमीदाराला त्या नेत्याविषयी काडीचाही राग नव्हता. त्याच्याकडे २२ ओळींची जागा होती आणि शेवटची एसटी गाठायची होती. मी कॉपी वाचली तेव्हा ती मला चांगली वाटली, कारण ती टोकदार होती. मूळ बातमी पहिल्या पानावर तीन कॉलम लागली होती; खुलासा पाचव्या दिवशी सातव्या पानावर, निविदांच्या जाहिरातीखाली, चार ओळींत गेला. त्या चार ओळी मीच लिहिल्या आणि त्यांत 'अनवधानाने' हा शब्द घातला, जो अशा वेळी सगळेच घालतात.

म्हणूनच 'पॅनोरमा'च्या प्रकरणात मला त्या सांध्यापेक्षा पुढचे वेळापत्रक अधिक गंभीर वाटते. माहितीपट ऑक्टोबर २०२४ मध्ये दाखवला गेला. संपादकीय निकषांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या अंतर्गत समितीपुढे हा विषय २०२५ च्या पूर्वार्धातच आला होता. परंतु या समितीचे माजी बाह्य सल्लागार मायकेल प्रेस्कॉट यांचे टिपण नोव्हेंबर २०२५ मध्ये 'डेली टेलिग्राफ'मध्ये फुटेपर्यंत प्रेक्षकांना त्याविषयी काहीही सांगितले गेले नाही. त्यानंतर दोन राजीनामे झाले, बीबीसीचे अध्यक्ष समीर शाह यांनी निर्णयातील चूक म्हणून माफी मागितली आणि डिसेंबरमध्ये ट्रम्प यांनी अमेरिकेतील न्यायालयात अब्जावधी डॉलरचा दावा लावला. जी गोष्ट आपणहून दोन वाक्यांत मान्य करता आली असती, ती वर्षभर दाबून ठेवल्यामुळे संस्थेच्या मुळावर आली. प्रेस्कॉट यांच्या टिपणातील इतर मुद्द्यांवर, म्हणजे अरबी सेवेच्या बातम्या किंवा लिंगओळखीच्या विषयाची हाताळणी यांवर, मतभेदाला जागा आहे आणि ते टिपणही एका व्यक्तीची निवड आहे. सांध्याच्या बाबतीत मात्र तशी जागा नाही.

आता 'पूर्वीपेक्षा' या शब्दाकडे येतो. आपल्या मनात जी जुनी, निष्कलंक बीबीसी आहे ती बऱ्याच अंशी आपल्या इतिहासाने घडवलेली आहे. आणीबाणीत आकाशवाणी सरकारचे बोलके पत्रक झाली होती आणि १९७५ मध्ये बीबीसीचे मार्क टली यांना देश सोडावा लागला. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या मृत्यूची बातमी बीबीसीने दिली तेव्हा आकाशवाणीची अधिकृत घोषणा व्हायला कित्येक तास बाकी होते, आणि पश्चिम बंगालमध्ये असलेले राजीव गांधीही बीबीसीच ऐकत होते हे पुढे सर्वश्रुत झाले. आमच्या डेस्कवर त्या परंपरेचा ट्रान्झिस्टर बराच काळ होता. एजन्सीचा फ्लॅश आला तरी कोणीतरी 'बीबीसीने दिली का?' असे विचारायचेच. परंतु हा विश्वास आकाशवाणीशी केलेल्या तुलनेतून आला होता. शिवाय त्या बातम्यांत ब्रिटन स्वतः पक्षकार नव्हते. एखाद्या वृत्तसंस्थेची कसोटी तिच्या स्वतःच्या घरातल्या भांडणात लागते, आणि त्या कसोटीवर जुनी बीबीसीही नेहमी उतरलेली नाही.

मे १९२६ च्या ब्रिटनमधील सार्वत्रिक संपात बीबीसीचे तेव्हाचे प्रमुख जॉन रीथ यांनी मजूर पक्षाचे नेते रॅम्से मॅक्डोनल्ड यांना ध्वनिक्षेपकासमोर येऊ दिले नाही आणि कँटरबरीच्या आर्चबिशपांचे समेटाचे आवाहनही रोखून धरले. सरकारने संस्था ताब्यात घेऊ नये म्हणून आधीच सरकारला सोयीचे वागण्याची ती तडजोड होती. ब्रिटनने इजिप्तवर हल्ला केला त्या १९५६ च्या सुएझ संकटात उलट घडले: पंतप्रधान ईडन यांची नाराजी पत्करून विरोधी पक्षनेते गेट्सकेल यांना उत्तराची संधी मिळाली. १९८८ ते १९९४ या काळात सरकारी बंदीमुळे शिन फेन या आयरिश राष्ट्रवादी पक्षाच्या नेत्यांचा आवाज प्रसारित करता येत नव्हता, तेव्हा बीबीसीने आणि इतरांनी त्यांचे चित्र दाखवून वर नटांचा आवाज लावला. कधी वाकणे, कधी ताठ राहणे, कधी पळवाट काढणे असा हा इतिहास आहे. त्यामुळे घसरण झाली असे म्हणताना ती कोणत्या उंचीवरून झाली, हे सांगावे लागते, आणि ती उंची प्रत्येकाच्या आठवणीत वेगळी असते.

विश्वासार्हतेच्या चर्चेत मला सर्वांत बोधक वाटणारे प्रकरण २००३ चे आहे. २९ मे रोजी सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी, रेडिओ ४ वरील 'टुडे' कार्यक्रमात, संरक्षण वार्ताहर अँड्र्यू गिलिगन घरून थेट बोलत होते. समोर लिहिलेली संहिता नव्हती. सूत्रधाराने विचारायचे आणि वार्ताहराने सांगायचे, ज्याला धंद्यात 'टू-वे' म्हणतात, तो प्रकार होता. इराककडे ४५ मिनिटांत वापरता येणारी विनाशक शस्त्रे असल्याचा दावा ब्रिटिश सरकारच्या दस्तऐवजात होता. हा दावा चुकीचा आहे हे सरकारला तो घालण्यापूर्वीच बहुधा माहीत होते, असे ते एका निनावी स्रोताच्या हवाल्याने म्हणून गेले. पुढच्या निवेदनांत शब्द बदलले, पण ते एक वाक्य राहिले. स्रोत असलेले शास्त्रज्ञ डेव्हिड केली यांचा जुलैमध्ये मृत्यू झाला, त्या मृत्यूच्या चौकशीचा लॉर्ड हटन यांचा अहवाल जानेवारी २००४ मध्ये बीबीसीच्या विरोधात गेला, आणि अध्यक्ष गॅविन डेव्हिस व महासंचालक ग्रेग डाइक या दोघांनाही जावे लागले. गंमत अशी की त्याच वर्षी जुलैमध्ये बटलर समितीने गुप्तचर माहितीतील सावधगिरीचे शेरे दस्तऐवजातून गळाल्याचे नोंदवले, आणि शस्त्रे तर कधी सापडलीच नाहीत. म्हणजे बातमीचा गाभा बराचसा बरोबर होता, वाक्य चुकले होते, आणि वृत्तव्यवसायात माणूस वाक्यासाठी जबाबदार असतो.

त्या सकाळच्या 'टू-वे'चा आज सर्वत्र संचार आहे. पूर्वी वार्ताहराची कॉपी यायची, उपसंपादक ती कापायचा, दुसरा कोणीतरी ती पुन्हा वाचायचा आणि मग निवेदक ती बोलायचा. जागतिक सेवेत तर दोन स्वतंत्र स्रोत किंवा स्वतःचा वार्ताहर असल्याखेरीज बातमी सोडायची नाही असा दंडक होता, आणि त्यामुळे ती अनेकदा इतरांच्या मागे राहायची. आम्ही रात्री पान अडवून बसलेलो असायचो आणि लंडन गप्प असायचे, याचा वैताग यायचा. आता कळते की त्या गप्प बसण्याचाच आम्ही पैसे न देता फायदा घेत होतो. आता संकेतस्थळावरचे थेट घडामोडींचे पान दर काही मिनिटांनी बदलते आणि वार्ताहर घटनास्थळापासून कित्येक मैलांवर उभा राहून घटनेचा अर्थ सांगतो. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातील अल अहली रुग्णालयात स्फोट झाला, तेव्हा जेरुसलेममधून बोलणाऱ्या बीबीसीच्या प्रतिनिधीने स्फोटाचा आकार पाहता हा इस्रायली हवाई हल्ल्याखेरीज दुसरे काय असेल हे समजणे कठीण आहे, अशा अर्थाचे विधान केले. पडताळणी झालेली नाही असेही तो म्हणाला होता, पण अशा वेळी तेवढे कोणाच्या लक्षात राहत नाही. दोन दिवसांनी बीबीसीने असा तर्क करणे चुकीचे होते हे मान्य केले. हे मी पक्षपातात धरत नाही. हे घाईत बोललेले अनुमान आहे. श्रोत्याच्या दृष्टीने परिणाम मात्र सारखाच होतो, हेही खरे.

याच युद्धाच्या वार्तांकनावरून बीबीसीवर दोन्ही बाजूंनी आरोप झाले आहेत. गाझातील मुलांवरच्या एका माहितीपटाचा बालनिवेदक हमासच्या प्रशासनातील अधिकाऱ्याचा मुलगा असल्याचे न सांगितल्याबद्दल ऑफकॉम या नियामकाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तो कार्यक्रम गंभीररीत्या दिशाभूल करणारा ठरवला. त्याच वर्षी गाझातील डॉक्टरांवरचा, स्वतःच करवून घेतलेला माहितीपट बीबीसीने दाखवण्यास नकार दिला आणि तो चॅनल ४ ने दाखवला. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये बीबीसीच्या शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांनी आपलीच संस्था इस्रायलला झुकते माप देते अशी तक्रार केली होती. येथे एक जुना प्रयोग आठवतो. १९८२ मधील बैरूतच्या हत्याकांडाच्या दूरचित्रवाणी बातम्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील इस्रायल-समर्थक आणि अरब-समर्थक विद्यार्थ्यांना दाखवण्यात आल्या, आणि त्याच बातम्या दोन्ही गटांना आपल्या विरोधात झुकलेल्या वाटल्या. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास माध्यमांच्या अभ्यासकांना पाठ असतो. माणूस आपल्या बाजूचे जे गाळले गेले ते मोजतो, दुसऱ्याच्या बाजूचे गाळलेले त्याला दिसतच नाही.

मात्र 'दोघेही शिव्या देतात, म्हणजे आमचे बरोबर आहे' हा संपादकांचा आवडता बचाव मला कधीच पटला नाही, आणि मी स्वतः तो कितीतरी वेळा वापरला आहे. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सोमवारी इकडे चूक आणि गुरुवारी तिकडे चूक झाली तर सरासरी शून्य येते, बातम्या मात्र दोन चुकलेल्या असतात. शिवाय तराजूची दोन पारडी समान ठेवण्याच्या अट्टहासातून वेगळीच खोट येते. ऑगस्ट २०१७ मध्ये माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी 'टुडे'वर गेल्या दहा वर्षांत जगाचे सरासरी तापमान किंचित उतरले आहे असे सांगितले, जे चूक होते, आणि सूत्रधाराने त्यांना हटकले नाही. एप्रिल २०१८ मध्ये ऑफकॉमने हा नियमभंग ठरवला. त्यानंतर बीबीसीने आपल्या पत्रकारांना कळवले की हवामानबदल नाकारणाऱ्याला समतोलासाठी बोलावण्याची गरज नाही. बीबीसीवर निःपक्षपातीपणाचे जे बंधन आहे त्याला 'यथोचित' असे विशेषण आहे, आणि सगळी मेख त्या विशेषणात आहे: किती समतोल यथोचित, हे विषय पाहून ठरवायचे असते, आणि ठरवणारा माणूस लंडनमधल्या एका विशिष्ट शिक्षणातून आणि वर्तुळातून आलेला असतो. बीबीसीत पक्षपात असलाच तर तो मला एखाद्या पक्षाच्या बाजूने असण्यापेक्षा या वर्तुळाचा वाटतो; कोणता विषय बातमी आहे आणि कोणता नाही, हे तिथे न बोलताच ठरते. हा माझा ग्रह आहे, मोजमाप नव्हे.

शब्दांच्या बाबतीत मात्र मोजमाप करता येते, आणि तिथे बीबीसी अजून बरीच काटेकोर आहे. कोणत्याही संघटनेला स्वतःच्या तोंडाने 'दहशतवादी' म्हणायचे नाही, कोणी म्हटले तर त्याच्या नावावर ते घालायचे, हा तिचा जुना नियम. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी त्यावरून झोड उठवली तरी तो बदलला नाही. भारतीय वाचकांनाही तो खटकतो, कारण आपल्याकडे हा शब्द बातमीदार सर्रास वापरतो. नियम पटो वा न पटो, तो सर्वांना सारखा लागतो की नाही हे पाहावे. मी डेस्कवर नव्या मुलांना एक वाक्य द्यायचो: 'गोळीबारात चार जण ठार.' मग त्याची रूपे करायला सांगायचो: 'सैनिकांच्या गोळीबारात चार नागरिक ठार', 'चकमकीत चार जणांचा मृत्यू', 'चार नागरिक मारल्याचा स्थानिकांचा दावा'. घटना एकच, पहिल्या वाक्यात गोळी कोणी झाडली ते नाही, दुसऱ्यात आहे, तिसऱ्यात दोन्ही बाजूंनी गोळ्या चालल्या असा भास आहे आणि चौथ्यात मृतदेहांवरच शंका आहे. क्रियापदांचेही तसेच. एकाने 'सांगितले', दुसऱ्याने 'दावा केला' आणि तिसऱ्याने 'कबूल केले' असे एकाच बातमीत आले, की उपसंपादकाची सहानुभूती कुठे आहे ते कळते. (मराठीत हा घोळ अधिक होतो, कारण एकच 'म्हणाले' पुन्हा पुन्हा आले की आपल्याला रुक्ष वाटते आणि आपण केवळ बदल म्हणून 'दावा केला' लिहून मोकळे होतो.) बीबीसीच्या बातमीपत्रावर ही कसोटी लावून पाहा, ते बहुतेक वेळा उत्तीर्ण होते. तिच्याच संकेतस्थळावरील विश्लेषण, समाजमाध्यमांवरचे छोटे व्हिडिओ आणि त्यांचे मथळे मात्र तितके होत नाहीत.

पैसा आणि नेमणुका यांविषयी थोडक्यात. ब्रिटनमध्ये टीव्ही पाहणाऱ्या घरांकडून बीबीसीसाठी घेतले जाणारे परवाना शुल्क, जे एप्रिल २०२५ पासून वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झाले, ते सरकार ठरवते. २०१० नंतर ते कित्येक वर्षे गोठवले गेले, २०२२ पासून दोन वर्षे पुन्हा गोठवले गेले, आणि २०१४ पासून जागतिक सेवेचा मुख्य खर्चही परराष्ट्र खात्याऐवजी त्याच शुल्कावर आला. हिंदी सेवेचे लघुलहरींवरील प्रसारण जानेवारी २०२० मध्ये बंद पडले ते याच ओढाताणीच्या काळात. बीबीसीचा अध्यक्ष सरकारच्या शिफारशीने नेमला जातो. रिचर्ड शार्प यांना एप्रिल २०२३ मध्ये राजीनामा जाहीर करावा लागला, कारण तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या कर्जाच्या व्यवहारातील आपला सहभाग त्यांनी नेमणुकीच्या वेळी पुरेसा उघड केला नव्हता. पंतप्रधान थेरेसा मे यांचे माध्यमप्रमुख राहिलेले रॉबी गिब २०२१ पासून संचालक मंडळावर आले, याकडेही टीकाकार बोट दाखवतात. हे सारे चिंतेचे आहे, तरी सार्वजनिक प्रसारक खरोखर ताब्यात गेला की काय होते हे पाहायचे तर पोलंडकडे पाहावे: २०१५ नंतर तेथील टीव्हीपीचे बातमीपत्र सत्ताधाऱ्यांचे प्रचारपत्र झाले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सत्ता बदलल्यावर नव्या सरकारने व्यवस्थापन बदलले तेव्हा तिची वृत्तवाहिनीच काही काळ बंद पडली. बीबीसी त्या वाटेवर नाही. तिचे राजीनामे विरोधकांच्या आणि स्वतःच्या लोकांच्या दबावाने होतात, एवढा फरक पुरेसा मोठा आहे.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतात डिजिटल वृत्तमाध्यमातील परकीय गुंतवणुकीवर २६ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि एप्रिल २०२४ पासून बीबीसी मराठीसह सहा भारतीय भाषांतील सेवांचे काम 'कलेक्टिव्ह न्यूजरूम' ही भारतीय कंपनी बीबीसीसाठी करते. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्ली आणि मुंबईतील कार्यालयांवर प्राप्तिकर खात्याची जी कारवाई झाली, ती पंतप्रधानांवरच्या माहितीपटानंतर काही आठवड्यांनी झाली होती; खात्याने तिला 'पाहणी' म्हटले. त्यामुळे तुम्ही मराठीत जे वाचता ते लंडनच्या बातमीपत्राचे निव्वळ भाषांतर नसते. त्यातल्या स्थानिक बातमीचा दर्जा वेगळा जोखावा, चांगला असो वा वाईट, आणि त्याचे खापर किंवा श्रेय थेट लंडनला देऊ नये.

आता विसंबण्याचा तुमचा मूळ प्रश्न. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या वार्षिक पाहण्यांत ब्रिटनमधील लोकांचा एकूण बातम्यांवरील विश्वास २०१५ मध्ये निम्म्याच्या आसपास होता, तो अलीकडे एक-तृतीयांशाच्या थोडा वर येऊन थांबला आहे. या पडझडीतही बीबीसी तिथल्या सर्वाधिक विश्वास मिळवणाऱ्या वृत्तनाममुद्रांत आहेच. मी अजूनही परदेशी बातमी आधी तिथे पाहतो, पण सगळीकडे सारखी नाही. घटना घडून गेल्यानंतरचे बातमीपत्र आणि स्वतःच्या वार्ताहराच्या नावाने आलेली बातमी मी जवळपास तशीच स्वीकारतो. पहिल्या तासातील थेट पान मी वाचतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाला सांगत नाही. भाषणाचा कापलेला तुकडा दिसला, मग तो कोणाचाही असो, तर पूर्ण भाषण शोधतो. आज ते मिळते, आम्हाला कॅसेटची वाट पाहावी लागायची. ब्रिटनच्या राजघराण्याविषयी, ब्रिटिश पक्षांविषयी आणि बीबीसीच्या स्वतःच्या भानगडींविषयी मी दुसरे एखादे वृत्तपत्र सोबत ठेवतो. तरी बीबीसीवरच्या संकटांची सर्वांत कठोर मुलाखत अनेकदा बीबीसीच्याच निवेदकाने घेतली आहे, हे नोंदवले पाहिजे. २०१२ मध्ये महासंचालक जॉर्ज एन्टविसल यांना 'टुडे'च्या जॉन हम्फ्रिस यांनी असे काही सोलून काढले की त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. ते पदावर अवघे ५४ दिवस होते.

तुमच्या पुतणीला बीबीसी वाचू द्या. फक्त तिला सांगा की संकेतस्थळावर दुरुस्त्या आणि स्पष्टीकरणे यांचे एक वेगळे पान आहे, ते महिन्यातून एकदा काढावे, त्यातली एक दुरुस्ती निवडावी आणि मूळ बातमी शोधून दोन्ही शेजारी ठेवावीत. मूळ बातमी कोणत्या दिवशी आली, दुरुस्ती कोणत्या दिवशी आली, दोहोंमध्ये किती दिवस गेले आणि दुरुस्तीत नेमकी चूक शब्दांत सांगितली आहे की 'अधिक स्पष्टता हवी होती' असे गुळमुळीत काही आहे, हे वहीत लिहावे. हाच व्यायाम ती रोज वाचते त्या मराठी वृत्तपत्रावरही करून पाहावा, मात्र तिथे असे पान शोधण्यातच तिचा पहिला महिना जाण्याची शक्यता आहे.